ताराबाईंचा शनिवार

वामनराव पंडितांना व्यवस्था करण्याचं व्यसन होतं. तंबाखूचं असतं तर परवडलं असतं, असं त्यांच्या पत्नी मायाबाई म्हणत. तंबाखूचा त्रास निदान ज्याचा त्याला होतो. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर ही हौस भागवायला त्यांना एकच जागा उरली होती, ती म्हणजे चर्चचं वडीलमंडळ. वडील म्हणजे मंडळीनं, चर्चच्या सभासदांनी, निवडून दिलेले पुढारी. वयाशी त्याचा संबंध नसतो, पण वामनरावांच्या बाबतीत दोन्ही जुळून आलं होतं. चर्चमध्ये पंखा बंद पडला तरी ते तो दुरुस्त करत नसत, पंखा दुरुस्ती उपसमिती नेमत. मंडळी बिचारी घाम पुसत उपसमितीच्या अहवालाची वाट बघे.

तर एका रविवारी पाळकसाहेबांनी भलतंच प्रवचन दिलं. पाळकसाहेब म्हणजे पियूषसर. वय कोवळं, शिक्षण पुण्याकडचं, बोलणं असं स्वच्छ की नागपूरकरांना ते रेडिओवरून येतंय असं वाटे. ते म्हणाले, "आजाऱ्याची चौकशी आपण सगळेच करतो. पण आजाऱ्याजवळ जो रोज बसतो, त्याची चौकशी कोण करतं?" सगळ्यांच्या माना आपोआप मागच्या बाकाच्या कोपऱ्याकडे वळल्या. ती ताराबाईंची जागा. ताराबाई तिथे नव्हत्या, आणि बऱ्याच रविवारांपासून नव्हत्या. हे आत्ताच लक्षात आलं म्हणून सगळे थोडे ओशाळले, आणि ओशाळेपणा झाकायला खाली बघून प्रार्थना करू लागले.

ताराबाई होत्या दादाजींकडे. दादाजी मंडळीचे जुने पेटीमास्तर. अर्ध्या मंडळीला त्यांनी कान पिळून सुरात आणलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांचे नुसतेच कान पिळले होते. लकवा मारल्यापासून त्यांचं उजवं अंग गेलं. बायको आधीच देवाघरी, मूलबाळ नाही, एक पुतण्या बुटीबोरीला कंपनीत, तो सणासुदीला तोंड दाखवून जाई. शेजारच्या ताराबाई, बालवाडीच्या निवृत्त बाई, एकट्याच राहणाऱ्या, पहिल्या दिवशी नुसती खिचडी घेऊन गेल्या होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. आंघोळ, औषध, कूस बदलणं, सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं आणि मंडळीनं समाधानानं मान डोलावली की वा, सोय झाली.

उपासना संपल्या संपल्या वामनराव दादाजींच्या घरी पोचले. ताराबाई नळावर चादरी पिळत होत्या.

"सलाम ताराबाई. मंडळी तुमच्यासाठी काय करू शकते, ते सांगा."

"काही नाही भाऊ. सगळं बराबर चालून राहिलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यांनी कोपरानं बटण दाबलं आणि पलीकडचा आवाज अंगणभर घुमला. "आत्या, मी तुले आखरीचं सांगून राहिली. तू नाही आली तं मी चर्चच्या दारातच उभी राहीन. आत पाय टाकणार नाही म्हणजे नाही!"

ती होती भाची हिमानी. आई लवकर गेलेली, तिला लहानाची मोठी ताराबाईंनी केलेलं. लग्न पुढच्या महिन्यात, दुसऱ्या शनिवारी, वर्ध्याला. ताराबाई हसल्या, "येतो वं येतो," म्हणाल्या, फोन बंद केला आणि पदरानं चेहरा पुसला. चादर पिळताना तोंडावर पाणी उडतं, पण इतकं उडत नाही, हे वामनरावांनाही कळलं.

"जाणार ना मग?"

"कशी जाऊ भाऊ? दादाजीले कोणावर टाकू?"

वामनरावांचा ऊर भरून आला. माणूस वाईट नव्हता हो. त्यांनी उजवा हात वर केला आणि नळाला साक्षी ठेवून म्हणाले, "ताराबाई, तुम्ही लग्नाले जाणार. वामन पंडितचा शब्द आहे."

आत खाटेवर दादाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता खरं तर काम एवढंसं होतं. एका शनिवारी कोणीतरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दादाजींजवळ बसायचं, संपलं. मायाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं नसतं, तर कोणाला पत्ता न लागता त्यांनी हे निभावून नेलं असतं. त्यांनी त्याच रात्री भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुम्हीच काहून नाही बसत?"

"मी?" वामनरावांचा घास हातातच राहिला. "मी बसलो तं व्यवस्था कोण करीन?"

यावर मायाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बाई माणसाशी वाद घालत नाही, त्याला खाऊ घालते.

वडीलमंडळाची सभा भरली. पहिला प्रश्न निघाला की ताराबाईंना आधार द्यायचा तर तो कोणत्या नियमाखाली. मंडळीच्या घटनेत आजारी सभासदाला भेट देण्याचं कलम होतं. धडधाकट सभासदाला भेट देण्याचं नव्हतं. एका वडिलांनी सुचवलं की ताराबाईंना थोडंसं आजारी मानावं. दुसऱ्यांनी आक्षेप घेतला की मग दादाजींकडे कोण बघणार? शेवटी 'सेवकाधार उपसमिती' नावाचं प्रकरण जन्माला आलं, वामनराव अध्यक्ष झाले आणि सगळे पोह्यांकडे वळले.

उपसमितीनं पहिलं काम केलं ते म्हणजे ताराबाईंना धीर द्यायला दादाजींच्या घरी सामुदायिक प्रार्थना ठेवली. घर दीड खोलीचं. मंडळी खोलीत मावेना म्हणून खाटेवर बसली, खाटेवर मावेना म्हणून दादाजींच्या पायावर बसली. लकव्याचा पाय, म्हणून कळलं नाही, एवढंच नशीब. गीत सुरू झालं तसे दादाजी डाव्या हातानं खाटेची कड बडवून ओरडू लागले, "खालच्या पट्टीत घ्या रे! बकरं कापून राहिले का?" प्रार्थना भरपूर झाल्या. आणि पाहुणे घरी आले तर कोरड्या तोंडानं कसं पाठवायचं, म्हणून ताराबाईंनी सगळ्यांना पोहे केले, वर तर्री केली, दोनदा चहा केला. मंडळी गेल्यावर त्या कितीतरी वेळ कपबश्या विसळत होत्या. अहवालात वामनरावांनी लिहिलं, 'भगिनी ताराबाई यांना मोठा आधार वाटला.'

मग महिला मंडळाच्या मुग्धाताई पुढे सरसावल्या. त्यांनी व्याख्यान ठेवलं, 'सेवा करणाऱ्यांनी विश्रांती कशी घ्यावी'. वक्त्या धरमपेठेतून आणल्या. व्याख्यान खास ताराबाईंसाठी, आणि नेमक्या त्याच आल्या नाहीत, कारण दादाजींजवळ बसायला कोणी नव्हतं. सगळ्या बायका व्याख्यानाला आल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांच्या नावानं रिकामी ठेवली. वक्त्या तिच्याकडे बघून बोलल्या आणि बायका बऱ्यापैकी विश्रांती घेऊन घरी गेल्या.

तिसरा उपाय वामनरावांनी स्वतः शोधला. धंतोलीच्या दवाखान्यांच्या गर्दीत फिरून त्यांनी रुग्णांची देखभाल करणारा प्रशिक नावाचा एक माणूस गाठला. चांगला दणकट, हसतमुख, दादाजींना फुलासारखा उचलणारा. सराव म्हणून त्याला एक दिवस आणला. दुपारी वामनराव बघायला गेले, तर प्रशिक चप्पल घालून दारातच भेटला, शर्टावर लापशी.

"सर, माफ करा. आजवर कित्येक पेशंट पाह्यले मी. हा पेशंट नाही, हा तहसीलदार आहे."

"झालं काय?"

"मले म्हणते, आधी सूर लावून दाखव, मंग हात लाव. म्या लावला सूर, तं लापशी फेकून मारली."

आत दादाजी छताकडे बघत पडले होते, चेहऱ्यावर पाळण्यातल्या बाळाची निरागसता. ताराबाई खाली मान घालून फरशी पुसत होत्या. "राहू द्या ना भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मी हिमानीले सांगतो. समजदार आहे पोरगी." त्या ज्या आवाजात हे म्हणाल्या, तो ऐकून वामनरावांना रस्त्यात आपली स्कूटर सुरू करायचीच आठवण राहिली नाही; ते ती ढकलत घरी गेले.

शब्द दिला होता ना! उपसमितीचा अध्यक्ष! गल्लीतल्या लोकांनी आता त्यांना अडवून सल्ले द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, नवरीलाच नागपूरला आणा. कोणी म्हणालं, दादाजींना खाटेसकट वर्ध्याला न्या, पेटी वाजवतील. पानठेल्यावरच्या एका परक्या माणसानं तर लग्नच पुढे ढकलायचा सल्ला दिला, आणि वामनराव इतके खचले होते की त्यांनी त्यावर क्षणभर विचारही केला.

आणि मग हंगामाचा सण आला.

हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षातून एकदा मंडळीतला प्रत्येक जण घरचं काहीतरी चर्चला वाहतो. कोणी तांदूळ, कोणी कोंबडी, कोणी संत्री, कोणी शेवया. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो, आणि तो धरमपेठेत जुन्या गाड्या विकणारा विक्की करतो, कारण त्याचा गळा त्यासाठीच घडवलेला आहे. या लिलावात माणसं बदलतात. वर्षभर भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालणारा माणूस इथे एका कोहळ्यासाठी इरेला पेटतो. बोली जिंकली की छाती फुगवून ओरडतो, "देवाले परत!" म्हणजे पैसे दिले, वस्तू पुन्हा लिलावात. टाळ्या पडतात. मग तोच कोहळा दुसरा घेतो, तोही परत करतो. असा एक कोहळा दुपारभर फिरतो आणि शेवटी कोणी बोली लावेनासं झालं की रीतीप्रमाणे ज्यानं आणला त्याच्याच घरी जातो. कोहळे वाहणारे ही गोष्ट मनात धरूनच कोहळा निवडतात.

वामनराव सावलीत उभं राहून हे बघत होते आणि त्यांच्या डोक्यात वीज चमकली. जी माणसं फुकट बसायला तयार नाहीत, ती बोली लावून बसतील! ते तरातरा पुढे गेले, विक्कीच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, मी एक वस्तू वाहतो. ताराबाईंचा शनिवार! जो घेईल, त्याला दादाजींजवळ एक दिवस बसण्याचा मान!"

मायाबाईंनी लांबूनच कपाळावर हात मारला. पण मंडळी? मंडळी उसळली! विक्की गरजला, "अरे, कोहळा तं सडते, पुण्य सडत नाही! बोला!" मुग्धाताईंनी बोली लावली. बँकेतल्या मॅनेजरसाहेबांनी ती वाढवली. मुग्धाताईंनी मान न वळवता आणखी वाढवली, कारण गेल्या वर्षी त्या साहेबांनी त्यांच्या तोंडचा कोंबडा पळवला होता. "एक बार... दोन बार... तीन बार!" शनिवार मुग्धाताईंना गेला. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द राहिला!

आणि मुग्धाताईंनी हात उंच केला. "देवाले परत!"

टाळ्यांचा कडकडाट. वामनराव "अहो, नाही, नाही," म्हणत होते, पण ऐकतो कोण? मॅनेजरसाहेबांनी शनिवार घेतला आणि परत केला. गीतं गाणाऱ्या कोयरनं मिळून घेतला, परत केला. तरुण संघानं घेतला, शिट्ट्या वाजवल्या, परत केला. विक्कीनं स्वतः एकदा घेतला आणि भावनेच्या भरात परत केला. मंडळीच्या इतिहासात एवढी वर चढलेली वस्तू नव्हती. पाळकसाहेब गहिवरले. त्या पैशात नवे पंखे घ्यायचं तिथल्या तिथे ठरलं. शेवटी सगळ्यांचे खिसे आणि गळे बसले, विक्कीनं चारी दिशांना बघितलं, कोणीच बोलेना.

"वामनभाऊ," तो प्रेमानं म्हणाला, "तुमचा कोहळा तुमच्या घरी."

त्या दिवशी स्कूटरवर मागे मायाबाई गुडघा सांभाळून बसल्या होत्या. त्यांचं हसणं घरापर्यंत वामनरावांना पाठीला कळत होतं.

शनिवार उजाडला. वामनराव पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आणि बगलेत फाइल मारून दादाजींच्या दारात हजर झाले. फाइल कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं त्यांना भीती वाटायची. ताराबाई मोरपिशी साडीत तयार होत्या. त्या साडीत त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं.

"भाऊ, लापशी पातळ करा. दर दोन घंट्यानं कूस बदला. अन् ते ओरडले तं मनावर नका घेऊ." त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, उशी सारखी केली, पुन्हा गेल्या. "दादाजी, जाऊ ना मी?"

दादाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "जा ना. म्या का पाय धरले तुहे?"

ताराबाई गेल्या. घरात दोघंच उरले.

"वामन्या," दादाजी म्हणाले, "व्यवस्था लाव आता."

पुढचा इतिहास वामनरावांनी कुठल्याही अहवालात लिहिला नाही. लापशी आधी पाण्यासारखी झाली, मग सिमेंटसारखी झाली. कूस बदलताना दादाजी वळले ते थेट वामनरावांच्या हातावर, आणि हात खाली अडकून ते बराच वेळ खाटेवर ओणवे होते, दादाजींच्या नाकाला नाक लावून. "तू लहानपणीही असाच बेताल होता," दादाजी म्हणाले. मग वेळ आली लघवीच्या भांड्याची. हेडक्लार्कच्या हाताखाली एकेकाळी शिपाई होते, पाण्याचा पेलाही ते आणून देत. वामनरावांनी डोळे मिटले, श्वास रोखला, आणि निम्मं भांडं इस्त्रीच्या शर्टावर आलं. बनियनवर उरलेले सेवकाधार उपसमितीचे अध्यक्ष नळावर शर्ट धूत असताना त्यांना त्या चादर पिळणाऱ्या ताराबाई आठवल्या. आपण तिथे उभं राहून हात वर करून शब्द दिला होता, चादरीचं दुसरं टोक धरलं नव्हतं, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

तेवढ्यात फाटक वाजलं. मंडळी आली! शनिवार घेऊन परत करणाऱ्यांना सकाळपासून टोचणी लागली होती. मुग्धाताई, मॅनेजरसाहेब, कोयर, सगळे वामनरावांना आधार द्यायला आले आणि बसले. "वामनभाऊ, काही लागलं तं हक्कानं सांगा," असं म्हणाले आणि बसले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं ते एकानं सांगितलं, दुसऱ्यानं त्याच्या उलट सांगितलं. मुग्धाताईंनी मंडळीच्या ग्रुपवर टाकायला बनियनमधल्या वामनरावांचा फोटो काढला. शेवटी कोणीतरी प्रेमानं विचारलं, "चहा टाकून राहिले का?"

वामनराव स्वयंपाकघरात गेले. चहापत्ती सापडेना. डबे उघडले, तर डाळ, रवा, हळद, मीठ. बाहेर गीत सुरू झालं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

"वामन्या!" खाटेवरून दादाजींची आरोळी आली. "भांडं आण! लवकर! मोठ्या कामाचं!"

घर असं रिकामं झालं, की फाटकाशी चपलांची अदलाबदल झाली. वामनराव भांडं घेऊन धावत आले, तर दादाजी अर्ध्या तोंडानं हसत होते.

"ठेव ते. काही नाही लागलं. तारा थकली असली का मी असंच करतो."

वामनराव खाटेच्या काठावर बसले. दोघेही हसले, वामनराव तर पोट धरून हसले. मग दादाजींचं हसणं थांबलं.

"तो प्रशिक चांगला होता गा," ते म्हणाले. "म्या जाणून पळवला त्याले."

"काहून?"

"तारा जाईन म्हणून. नातेवाइकांत जाईन, हसन-बोलन, चार लोकं तिले खुर्ची देतीन, आयतं ताट देतीन. मंग इथं कायले येते वापस? मी का लागतो तिचा?" डाव्या हातानं ते चादर चुरगाळत होते. "मले भेव वाटते वामन्या. बहुत भेव वाटते."

या गोष्टीची उपसमिती नेमता येत नव्हती. वामनरावांनी नुसता तो डावा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

दुपारी फोन आला. मागे बँड, माणसांचा गलका, आणि त्यातून ताराबाईंचा आवाज, "भाऊ, झालं लग्न. हिमानी दारात माहा हात धरूनच आत गेली. मी लगेच निघतो, जेवत नाही. दादाजी कसे आहेत?"

वामनराव काही म्हणायच्या आत दादाजींनी हात पुढे केला. फोन कानाशी धरला आणि त्यांनी ठेवणीतला, पेटीमास्तरचा खर्ज लावला. "तारा, जेव आरामात. पोरीले वाटे लाव, मंगच नीघ. मी मस्त आहो. हा वामन्या बेसूर आहे, पण टिकून आहे."

फोन ठेवला आणि त्यांनी तोंड फिरवलं. या वेळी भिंतीकडे नाही, दाराकडे.

ताराबाई आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. हातात बुंदीचा डबा, केसांत मोगरा, जिना चढल्यासारखा श्वास. अंगणापासूनच त्या "दादाजी!" म्हणून हाक मारत आल्या, तर आतून दबका आवाज आला, "श्श! हळू!" खाली चटईवर वामनराव तोंड उघडं टाकून झोपले होते, एक हात वर खाटेवर, दादाजींच्या हातात. दादाजी एकटक दाराकडेच बघत होते. ताराबाईंना पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "आली तू," एवढंच ते म्हणाले.

"मंग? कुठं जाईन?" ताराबाई म्हणाल्या, आणि बुंदीचा एक घास त्यांच्या तोंडात घातला.

नेमके तेव्हाच पाळकसाहेब आले, हातात शाल आणि नारळ. मंडळीनं वामनरावांचा सत्कार ठरवला होता. "वामनराव," त्यांनी त्या स्वच्छ आवाजात हाक मारली, "मंडळी तुमच्यासाठी काय करू शकते?"

वामनराव उठून बसले. बनियन, विस्कटलेले केस, गालावर चटईचे वळ. ताराबाई सवयीनं पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या, पाळक घरी आले म्हणजे चहा आलाच. वामनरावांनी त्यांना हातानंच थांबवलं, खुर्ची ओढली आणि बसा म्हटलं. मग त्यांनी पाळकसाहेबांच्या हातातली शाल घेतली, उलगडली आणि पाळकसाहेबांच्याच खांद्यावर घातली.

"पुढचा शनिवार तुमचा, पाळकसाहेब. त्यापुढचा मुग्धाताईचा, मंग मॅनेजरसाहेबाचा, मी सांगतो त्यायले. अन् कोणी 'देवाले परत' म्हणायचं नाही. परत केला का तो माह्याच घरी येते."

पाळकसाहेबांनी शालीकडे पाहिलं, दादाजींकडे पाहिलं, मोरपिशी साडीत अवघडून खुर्चीवर बसलेल्या ताराबाईंकडे पाहिलं. त्यांनी शाल काढली, खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "चहापत्ती कुठे असते?"